देहासह गौरव : ख्रिस्ती तारणविचाराची परिणती

ख्रिस्ती मंडळी आपल्या श्रद्धेचा सारांश उपासनेत ठरलेल्या शब्दांत सामुदायिकपणे उच्चारते. त्याला विश्वासांगीकार म्हणतात. अशा दोन प्राचीन विश्वासांगीकारांचा शेवट जवळजवळ एकाच आशेने होतो. प्रेषितांच्या नावाने ओळखला जाणारा विश्वासांगीकार शरीराच्या पुनरुत्थानावर व सार्वकालिक जीवनावर येऊन थांबतो, तर इ.स. ३२५च्या निकिया परिषदेत ज्याचा पाया घातला गेला आणि ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी ज्याचे आजचे रूप जोडले जाते, तो दुसरा विश्वासांगीकार मृतांच्या पुनरुत्थानाची व येणाऱ्या युगातील जीवनाची वाट पाहत संपतो. मृत्यूनंतर आत्मा देहाच्या बंधनातून सुटून स्वर्गात जातो आणि तेथेच ख्रिस्ती आशेची सांगता होते, असा समज समाजात सर्वत्र, किंबहुना अनेक ख्रिस्ती कुटुंबांतही, दृढ झालेला असला, तरी मंडळीने सुमारे सोळाशे वर्षे आपल्या मुखी जपलेले शब्द त्याहून अधिक काही सांगत आले आहेत.

हे जे अधिक आहे त्याला ख्रिस्ती धर्मविचारात गौरवीकरण अशी संज्ञा आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे तारण, म्हणजे पाप आणि मृत्यू यांच्या सत्तेतून होणारी त्याची सुटका, ज्या वेळी पूर्णत्वाला जाते, त्याच्या मनातील, इच्छेतील व शरीरातील बिघाडाचा अखेरचा अंशही जेव्हा उरत नाही आणि तो पुनरुत्थित ख्रिस्ताच्या गौरवाचा वाटेकरी होतो, तेव्हाच्या त्या घटनेला आणि तिच्यातून येणाऱ्या चिरंतन स्थितीला उद्देशून ही संज्ञा वापरली जाते. पापक्षमा, श्रद्धा, प्रार्थना, सदाचार यांविषयी जितके बोलले जाते तितके गौरवीकरणाविषयी बोलले जात नाही. तरीही तारणाच्या साऱ्या विचाराला दिशा मिळते ती याच कल्पनेमुळे, कारण आपण निर्माण केलेला माणूस देव अर्धामुर्धा वाचवीत नाही, त्याचा देह, त्याची नाती आणि तो ज्या सृष्टीत राहतो ती सृष्टी यांच्यासह वाचवतो, हे तिचे सांगणे आहे.

तारणाचे तीन काळ

नव्या करारातील लेखक तारणाविषयी भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांत बोलतात, आणि पुढील काळातील धर्मविचारकांनी या तीन काळांना तीन संज्ञा दिल्या. पहिली संज्ञा नीतिमान ठरवले जाण्याची आहे. माणूस स्वतःच्या पुण्याईच्या बळावर देवासमोर उभा राहू शकत नाही, परंतु ख्रिस्ताच्या मरणाच्या व पुनरुत्थानाच्या आधारे देव त्याला दोषमुक्त करून आपल्याशी असलेल्या योग्य नात्यात घेतो, असा तिचा आशय आहे. दुसरी संज्ञा पवित्रीकरणाची असून पवित्र आत्म्याच्या साहाय्याने माणसाच्या स्वभावात आयुष्यभर चालणारा, कधी पुढे जाणारा तर कधी अडखळणारा जो बदल, तो तिने सूचित होतो. तिसरी संज्ञा गौरवीकरणाची आहे, आणि तिच्यात आधीच्या दोन्ही गोष्टी फळाला येतात.

या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवरून सोळाव्या शतकात युरोपातील मंडळी दुभंगली. नीतिमान ठरणे ही देवाने केलेली घोषणा आहे की त्याच वेळी माणसाच्या अंतरंगात घडणारा बदलही आहे, या प्रश्नावर मार्टिन ल्यूथर व त्यांचे अनुयायी एका बाजूला आणि १५४७ साली या विषयावर निर्णय देणारी ट्रेंटची परिषद दुसऱ्या बाजूला, असा जो वाद पेटला, त्यात काही प्रमाणात समेट होण्यासाठी १९९९ साल उजाडावे लागले; त्या वर्षी ऑग्सबुर्ग येथे लूथरन मंडळ्यांचा जागतिक महासंघ आणि कॅथलिक मंडळी यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. अखेरच्या पायरीविषयी मात्र, काही महत्त्वाचे तपशील वगळता, कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स या तिन्ही परंपरांचे मूलभूत एकमत टिकून राहिले आहे. जिथून निघायचे त्या ठिकाणाविषयी वाद आणि जिथे पोहोचायचे त्या ठिकाणाविषयी मतैक्य, असे हे चित्र ख्रिस्ती ऐक्याचा विचार करणाऱ्यांना आजही धीर देणारे आहे.

प्रेषित पौलाने रोम येथील विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात तारणाची एक साखळी मांडली असून तिच्यात पाच कड्या आहेत : देवाने आधीच ओळखणे, आधीच नेमणे, पाचारण करणे, नीतिमान ठरवणे आणि गौरव देणे. अखेरची कडी अजून भविष्यात असूनही पौल तिच्यासाठी भूतकाळी क्रियापद वापरतो, याकडे भाष्यकारांनी वारंवार लक्ष वेधले आहे. देवाचा संकल्प हाच जर साखळीचा आधार असेल तर तिचा शेवटही तिच्या आरंभाइतकाच निश्चित आहे, असा या काळयोजनेचा अर्थ बहुतेक भाष्यकार लावतात. माणसाने आधीच्या पायऱ्या स्वतःच्या बळावर चढून मिळवलेले बक्षीस असे गौरवीकरणाचे स्वरूप नसून ज्याने आरंभ केला त्यानेच शेवटास नेलेले ते कार्य आहे, ही समज या पत्रातून पुढे सर्व परंपरांत उतरली.

गौरव मुळात कोणाचे

बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, गौरव ही सर्वप्रथम देवाची गोष्ट आहे. जो अदृश्य आहे त्याचे सान्निध्य जेव्हा माणसाला झेपणार नाही इतक्या प्रखरपणे जाणवते, तेव्हा हे शास्त्रग्रंथ देवाच्या गौरवाविषयी बोलतात. सीनाय पर्वतावरील मेघ आणि अग्नी, रानातील प्रवासात निवासमंडप भरून टाकणारे तेज आणि शलमोनाने बांधलेल्या मंदिराच्या समर्पणाच्या वेळी याजकांना सेवेसाठी उभेही राहता येऊ नये इतका दाटलेला मेघ, ही त्याची ठळक वर्णने आहेत. मोशे हे गौरव पाहण्याची विनंती करतो तेव्हा त्याला देवाचे मुख पाहू दिले जात नाही. तरीही देवाशी बोलून तो पर्वतावरून उतरतो तेव्हा त्याचा चेहरा असा उजळलेला असतो की लोकांना त्याच्याजवळ जाण्याची भीती वाटते. बाबेलमध्ये बंदिवासात असलेला यहेज्केल संदेष्टा देवाचे गौरव यरुशलेमचे मंदिर सोडून जाताना दृष्टान्तात पाहतो, आणि पुढे तेच गौरव परत येतानाही पाहतो. हे सान्निध्य कधी काळी पुन्हा लाभेल आणि मग ते माणसाला सोसवेल का, हा प्रश्न त्या साऱ्या इतिहासातून पुढे येत राहतो.

त्याच शास्त्रग्रंथांत माणसाच्या वाट्याला आलेल्या गौरवाचाही उल्लेख आहे. उत्पत्तीच्या पुस्तकानुसार माणूस देवाच्या प्रतिरूपाचा निर्माण झाला, आणि आठवे स्तोत्र माणसाच्या क्षुद्रतेवर आश्चर्य करताकरताच देवाने त्याला गौरवाचा व सन्मानाचा मुकुट घातल्याचे सांगते. पौल जेव्हा पापाची व्याप्ती सांगतो तेव्हा तो नियमभंगाच्या भाषेवर न थांबता सर्व माणसे देवाच्या गौरवाला उणी पडली असे म्हणतो. त्याच्या दृष्टीने पाप ही प्रामुख्याने माणसाने गमावलेली थोरवी आहे. म्हणूनच माणसासाठी जे मूळचे योजलेले होते ते त्याला परत मिळणे, आणि पहिल्या माणसालाही जे लाभले नव्हते अशा पूर्णतेपर्यंत त्याने पोहोचणे, या दोन्ही गोष्टी गौरवीकरणाच्या कल्पनेत एकवटल्या आहेत.

या दोन प्रवाहांचा संगम नवा करार येशू ख्रिस्तामध्ये पाहतो. मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत येशू पेत्र, याकोब व योहान या तीन शिष्यांना डोंगरावर नेतो, त्यांच्या देखत त्याचे रूप पालटते आणि मोशे व एलिया त्याच्याशी बोलताना दिसतात. परंपरेने ताबोर पर्वताशी जोडलेल्या या रूपांतराचा सण पूर्वेकडील व पश्चिमेकडील अनेक मंडळ्या ६ ऑगस्टला पाळतात. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र रूपांतराची कथाच नाही. तेथे येशू आपल्या गौरवाच्या घटकेविषयी बोलतो तेव्हा त्याचा रोख क्रूसावरील मरणाकडे असतो. रोमन साम्राज्यात गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेली अप्रतिष्ठेची शिक्षा ज्या ग्रंथात गौरवाचे स्थान ठरते, त्यात गौरव या कल्पनेचाच कायापालट झालेला आहे. एकमेकांकडून वाहवा मिळवण्याची धडपड येशू श्रद्धेच्या आड येणारी मानतो, आणि विश्वासणाऱ्याला जे गौरव मिळणार आहे ते मात्र प्रेमाने स्वतःला देऊन टाकणाऱ्याचे गौरव आहे. ऑक्सफर्ड येथील सेंट मेरी चर्चमध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, जून १९४१मध्ये दिलेल्या प्रवचनात सी. एस. लुईस यांनी या मुद्द्याचा विस्तार केला; देवाने माणसाला ओळखणे, स्वीकारणे व त्याच्यावर प्रसन्न होणे हा गौरवाचा एक गाभा आहे आणि अशा पसंतीचा आनंद अहंकाराहून अगदी निराळा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

नाशवंत देह आणि अविनाशी देह

इ.स. ५३ ते ५५च्या सुमारास पौलाने इफिस येथून करिंथ शहरातील मंडळीला जे पत्र लिहिले, त्याचा पंधरावा अध्याय या विषयाचा सर्वांत विस्तृत मूलाधार आहे. ग्रीक संस्कृतीत वाढलेल्या करिंथकरांपैकी काहींना मृतांचे पुनरुत्थान पटत नव्हते, कारण ज्या देहातून आत्म्याने एकदाचे सुटावे असा देह पुन्हा कशासाठी हवा, हे त्यांच्या विचारविश्वाला उमगण्यासारखे नव्हते. पौल त्यांना बीजाचा दृष्टान्त देतो. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप यांचे रूप अगदी वेगळे असते, तरी त्या दाण्याशिवाय ते रोप नसते. त्याचप्रमाणे मातीत ठेवलेला देह आणि उठवला जाणारा देह यांत सातत्यही आहे आणि स्थित्यंतरही आहे. हे स्थित्यंतर तो चार जोड्यांनी स्पष्ट करतो : नाशवंतपणाच्या जागी अविनाशीपण, अप्रतिष्ठेच्या जागी गौरव, दुर्बलतेच्या जागी सामर्थ्य आणि केवळ प्राणावर जगणाऱ्या देहाच्या जागी आध्यात्मिक देह. यांतील शेवटच्या शब्दप्रयोगाने वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे, कारण आध्यात्मिक देह म्हणजे वायुरूप किंवा छायारूप देह असे येथे अभिप्रेत नाही. ज्याला पवित्र आत्मा जिवंत ठेवतो व चालवतो असा खराखुरा देह पौलाच्या मनात आहे.

हा देह कसा असेल याचा नमुना म्हणून नवा करार पुनरुत्थित ख्रिस्ताकडे बोट दाखवतो आणि त्याला प्रथमफळ, म्हणजे पुढे हाती येणाऱ्या साऱ्या पिकाची हमी देणारा पहिला भाग, असे संबोधतो. शुभवर्तमानांतील वर्णनांनुसार तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो आणि हातांवरील खुणा दाखवतो. परंतु बंद दारांच्या आत तो येऊन उभा राहतो आणि मग्दालीया मरीयेला तो नाव घेऊन हाक मारीपर्यंत ओळखू येत नाही. फिलिप्पै येथील मंडळीला लिहिताना पौल म्हणतो की ख्रिस्त विश्वासणाऱ्यांच्या हीनदीन शरीराचे रूपांतर करून ते आपल्या गौरवी शरीरासारखे करील. हे घडण्याची वेळ ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आहे, आणि त्या वेळी जे जिवंत असतील त्यांचाही क्षणार्धात पालट होईल, अशी पौलाची शिकवण आहे.

मध्ययुगातील धर्मविचारकांनी या सूत्रांना पद्धतशीर रूप दिले. १२७४मध्ये दिवंगत झालेल्या थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनात गौरवी देहाची चार लक्षणे आढळतात : त्याला दुःख व क्षय बाधत नाहीत, तो आत्म्याच्या पूर्ण अधीन असतो, इच्छेला विनाविलंब साथ देण्याची चपळता त्याला असते आणि आत्म्यातील आनंद त्यातून तेजाने प्रकटतो. त्याआधी सुमारे साडेआठशे वर्षे, इ.स. ४२६च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात, संत ऑगस्टीन यांनी लोकांच्या मनातील अगदी थेट प्रश्नांना हात घातला होता. तान्हेपणी मेलेल्या मुलांचे काय, ज्यांचे अवयव तुटले त्यांचे काय, श्रद्धेसाठी छळ सोसलेल्या हुतात्म्यांच्या जखमांचे काय, असे प्रश्न घेऊन त्यांनी उत्तर दिले की देहातील वैगुण्ये उरणार नाहीत, पण हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा मात्र विद्रूपता म्हणून नव्हे, सन्मानचिन्हे म्हणून दिसत राहतील.

विसाव्या शतकाच्या अखेरीस याच मुद्द्याला वेगळे वळण मिळाले. स्वतः अपंगत्वासह जगलेल्या अमेरिकन धर्मविचारक नॅन्सी आयस्लँड यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द डिसेबल्ड गॉड’ या ग्रंथात पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातापायांवरील आणि कुशीतील जखमांकडे लक्ष वेधले आणि ज्याच्या गौरवी देहातूनही जखमा पुसल्या गेल्या नाहीत त्याच्या अनुयायांनी पूर्णत्वाची कल्पना धडधाकट देहापुरती मर्यादित ठेवणे योग्य नाही, असे मांडले. पूर्णत्व म्हणजे नेमके काय, माणसाच्या ओळखीशी एकरूप झालेल्या कोणत्या खुणा उरतील आणि कोणत्या वेदना सरतील, या चर्चेला त्यामुळे नवे बळ मिळाले, आणि ती अजून चालू आहे.

मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधला काळ

जर देहाचे पुनरुत्थान युगाच्या अखेरीस होणार असेल, तर आज मरण पावलेल्या विश्वासणाऱ्याची स्थिती काय, हा प्रश्न कोणत्याही शोकाकुल कुटुंबाला पडणारा आहे. चौदाव्या शतकात तो थेट पोपपदापर्यंत पोहोचला. पोप बाविसावे जॉन यांनी १३३१पासून दिलेल्या काही प्रवचनांत, संतांच्या आत्म्यांनाही देवाचे साक्षात दर्शन अंतिम न्यायापर्यंत होणार नाही असे मत व्यक्त केले, त्यावर तीव्र वाद झाला आणि १३३४मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मागे घेतले. त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली अधिकृत निर्णय दिला की ज्यांचे शुद्धीकरण व्हायचे उरलेले नाही त्यांचे आत्मे, पुनरुत्थानाच्या आधीही, देवाला समोरासमोर पाहतात. ज्यांचे शुद्धीकरण बाकी असते त्यांच्यासाठी कॅथलिक परंपरा शुद्धिस्थान मानते. २ नोव्हेंबरला गोव्यात, मुंबईत आणि वसईच्या गावांतून कबरस्ताने मेणबत्त्यांनी उजळतात ती याच मृतांसाठी करावयाच्या प्रार्थनेच्या भावनेतून.

प्रॉटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थानाची कल्पना नाकारली, परंतु आत्मा पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतो हे मतही त्यांच्यापैकी सर्वांना मान्य नव्हते. जॉन कॅल्व्हिन यांनी तरुणपणी या मताच्या खंडनासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीने असे शिकवले की मृत्यूच्या क्षणी विश्वासणाऱ्यांचे आत्मे पवित्रतेत परिपूर्ण होऊन गौरवात प्रवेश करतात, मात्र त्यांचे देह पुनरुत्थानापर्यंत कबरेत विसावतात आणि त्या अवस्थेतही ते ख्रिस्ताशी जोडलेलेच असतात. मृतदेह हा टाकून दिलेला पोशाख नसून तारण झालेल्या माणसाचाच एक भाग आहे, ही या शिकवणीतील जाणीव लक्षात घेतली की दफनविधीला ख्रिस्ती समाजाने एवढे मोल का दिले, हे कळते. पौल गौरवाचा अंतिम क्षण पुनरुत्थानाशी जोडतो, म्हणूनच आत्म्याचे देवाजवळ असणे कितीही सुखाचे असले तरी या परंपरांच्या मते ती वाटचालीची मधली स्थिती आहे.

कॅथलिक परंपरेत या आशेचे एक आगाऊ उदाहरण येशूची माता मरीया हिच्यात पाहिले जाते. १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी तिचे देहासह व आत्म्यासह स्वर्गीय गौरवात उचलले जाणे हे श्रद्धेचा अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केले. गोवा आणि वसई येथील कॅथलिक समाज १५ ऑगस्टला जो मरीयेचा सण साजरा करतो, त्यामागे हीच धारणा आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्या या सिद्धांताला बायबलचा आधार पुरेसा मानत नाहीत. परंतु सर्व विश्वासणाऱ्यांच्या देहांना अखेरीस गौरव लाभेल, या ज्या व्यापक आशेवर तो उभा आहे तिच्याविषयी त्यांचे दुमत नाही.

दर्शन, सहभाग आणि वेगळेपण

गौरवीकरणात माणसाचे देवाशी नेमके कोणते नाते जुळते, याचे उत्तर पश्चिमेकडील परंपरेने मुख्यतः दर्शनाच्या भाषेत दिले आणि पूर्वेकडील परंपरेने सहभागाच्या भाषेत दिले. योहानाच्या पहिल्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बांधलेल्या आहेत. ख्रिस्त प्रकट होईल तेव्हा विश्वासणारे त्याच्यासारखे होतील, कारण ते त्याला जसा आहे तसा पाहतील, असा त्या वाक्याचा आशय आहे. अक्वायनस यांच्या मते कोणतीही निर्मित बुद्धी स्वतःच्या शक्तीने देवाचे स्वरूप पाहू शकत नाही, म्हणून देव स्वतःच तिला गौरवाचा प्रकाश देऊन समर्थ करतो, आणि या साक्षात दर्शनातच माणसाच्या ज्ञानाची व प्रेमाची सारी तहान भागते.

पूर्वेकडील विचारात मध्यवर्ती असलेल्या थिओसिस या ग्रीक संज्ञेचा अर्थ दैवी जीवनात सहभागी होणे असा आहे, आणि विश्वासणारे दैवी स्वभावाचे वाटेकरी होतात, या पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील विधानावर तिचा आधार आहे. दुसऱ्या शतकातील लियोंचे बिशप आयरेनियस आणि चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे अथनेशियस या दोघांनीही देव ख्रिस्तामध्ये माणूस झाला तो माणसाला आपल्या जीवनात उचलून घेण्यासाठी, असे प्रतिपादन केले. चौदाव्या शतकात अॅथोस पर्वतावरील मठवासीयांनी, ताबोरवर शिष्यांना दिसला तोच प्रकाश आपल्याला प्रार्थनेत अनुभवता येतो असे सांगितल्यावर वाद उद्भवला, तेव्हा ग्रेगरी पालामास यांनी देवाचे मूलस्वरूप आणि देवाच्या क्रियाशक्ती असा भेद करून त्यांची बाजू घेतली. देवाचे मूलस्वरूप माणसाला कधीच प्राप्त होत नाही, पण त्याच्या अनिर्मित शक्तींमध्ये, म्हणजे त्याच्या कृपेत व प्रकाशात, माणूस खरोखर सहभागी होतो, हा त्यांचा निष्कर्ष कॉन्स्टँटिनोपल येथील १३४१ ते १३५१ या काळातील परिषदांनी मान्य केला.

मराठी वाचकाला या ठिकाणी आपल्या भक्तिपरंपरेतील सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्तींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. देवाच्या लोकी राहणे, त्याच्या जवळ असणे आणि त्याच्यासारखे रूप लाभणे, या पहिल्या तिन्हींशी गौरवीकरणाच्या वर्णनाचे साम्य जाणवते. परंतु सायुज्यतेचा अर्थ जर देवात विलीन होऊन वेगळेपण संपणे असा घेतला, तर ख्रिस्ती विचार तेथे थांबतो, कारण त्याच्या दृष्टीने निर्माता आणि निर्मिती यांच्यातील भेद अनंतकाळही मिटत नाही, आणि तो भेद आहे म्हणूनच प्रेमाला अर्थ उरतो. वारकरी संतांनी मुक्तीपेक्षा भक्तीचे नाते मोलाचे मानले, त्यामागील ओढही याच्या जवळची आहे. मात्र इतिहासात एकदा घडलेल्या पुनरुत्थानाशी आणि याच देहाच्या रूपांतराशी ख्रिस्ती आशा बांधलेली असल्याने तिची घडण स्वतंत्र राहते. १६१६ साली गोव्यात प्रसिद्ध झालेल्या आणि सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द योजला, तेव्हा या भूमीतील श्रोत्याच्या कानाला ओळखीच्या भाषेत ही स्वतंत्र आशा सांगण्याचे अवघड काम त्यांनी अंगावर घेतले होते, आणि मराठीत ख्रिस्ती विचार मांडणाऱ्या प्रत्येक लेखकाला ते पुन्हा करावे लागते.

पाप न करू शकण्याचे स्वातंत्र्य

गौरवीकरणाचा नैतिक आशय ऑगस्टीन यांनी सर्वांत नेमकेपणाने पकडला. आरंभीच्या माणसाला पाप न करणे शक्य होते, पतित माणसाला देवाच्या कृपेवाचून पाप टाळणे शक्य राहिले नाही, आणि गौरव पावलेल्या माणसाला पाप करणेच शक्य उरणार नाही, असा क्रम त्यांच्या लेखनातून पुढे आला. यातील अखेरची अवस्था आधुनिक वाचकाला स्वातंत्र्याचा लोप वाटण्याची शक्यता आहे, कारण निवडीला जितके पर्याय तितके स्वातंत्र्य अधिक, असे तो गृहीत धरतो. ऑगस्टीन यांचे उत्तर असे की देवाला पाप करता येत नाही म्हणून कोणी त्याला परतंत्र म्हणत नाही. ज्याची इच्छा चांगुलपणाकडे इतक्या पूर्णपणे वळली आहे की वाईटाचे आकर्षणच उरले नाही, त्या माणसाला वासनेशी झगडण्याचे ओझे राहत नाही, आणि म्हणून तोच पूर्ण स्वतंत्र असतो. ज्यांनी एखाद्या व्यसनाशी, द्वेषाशी किंवा मत्सराशी वर्षानुवर्षे झुंज दिली आहे त्यांना या कल्पनेत किती मोठा दिलासा भरलेला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हे रूपांतर मृत्यूनंतर अकस्मात सुरू होते असेही नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मोशेच्या चेहऱ्यावरील आच्छादनाची आठवण करून देतो आणि सांगतो की विश्वासणारे प्रभूचे गौरव उघड्या मुखाने पाहतापाहता त्याच प्रतिमेत टप्प्याटप्प्याने पालटत जातात. पवित्रीकरण आणि गौरवीकरण यांत त्यामुळे अभेद्य भिंत नाही. आज दाखवलेला संयम, केलेली क्षमा आणि दिलेला वेळ यांतून जे घडत असते, त्याचेच पूर्ण रूप अखेरीस प्रकट व्हायचे असते.

सृष्टीचे कण्हणे

गौरवीकरणाचा विचार केवळ व्यक्तीच्या भवितव्यापुरता ठेवणे पौलाला मान्य झाले नसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या त्याच आठव्या अध्यायात तो सारी सृष्टी प्रसूतिवेदनांत असल्यासारखी कण्हत असल्याचे आणि देवाच्या मुलांचे गौरव प्रकट होण्याची वाट पाहत असल्याचे वर्णन करतो, कारण त्यांच्या मुक्ततेबरोबरच तिचीही नाशाच्या दास्यातून सुटका व्हायची आहे. बायबलचे शेवटचे पुस्तक नव्या आकाशाचे व नव्या पृथ्वीचे दर्शन घडवते, आणि त्यात माणसे पृथ्वी सोडून वर जाण्याऐवजी देवाची नगरी खाली उतरते व देव माणसांमध्ये वस्ती करतो. ब्रिटिश बायबलपंडित एन. टी. राइट यांनी ‘सरप्राइज्ड बाय होप’ या पुस्तकात याच मुद्द्यावर भर देऊन, स्वर्गात जाणे ही ख्रिस्ती आशेची पूर्ण व्याख्या होऊ शकत नाही, हे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. हवामानबदलाने शेती, नद्या आणि किनारे संकटात असताना सृष्टीच्या मुक्ततेविषयीचे हे वचन ख्रिस्ती माणसाला तिच्याविषयी बेफिकीर राहू देत नाही.

परलोकातील गौरवाची आशा माणसाला इहलोकीच्या अन्यायापुढे निमूट करते, असा आक्षेप कार्ल मार्क्स यांच्यासह अनेकांनी घेतला आहे आणि इतिहासात तो खरा ठरवणारी उदाहरणेही घडली आहेत, हे मान्य करावेच लागते. मात्र मूळ शिकवणीचा कल वेगळा आहे. पौल गौरवाविषयी बोलताना अनेकदा दुःखाचाही उल्लेख करतो. ख्रिस्ताबरोबर दुःख सोसणाऱ्यांनाच त्याच्याबरोबर गौरव मिळेल, असे तो लिहितो, आणि हे लिहिणारा माणूस स्वतः तुरुंगवास, फटके व उपासमार भोगलेला होता. ज्या देहाला गौरव लाभणार आहे त्या देहाची आज होणारी उपेक्षा, मग तो देह कुष्ठरुग्णाचा असो, वेठबिगाराचा असो किंवा रस्त्यावर बेवारस पडलेल्या वृद्धाचा असो, विश्वासणाऱ्याला धर्माबाहेरची बाब मानता येत नाही. प्रत्येक माणूस गौरवासाठी योजलेला आहे, हे एकदा मान्य केले की त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणाकडेही उरत नाही.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राची रचनाच या बाबतीत बोलकी आहे. पुनरुत्थित देहाविषयीच्या दीर्घ विवेचनाच्या अखेरीस, मृत्यूच्या पराभवाची घोषणा केल्यानंतर, पौल वाचकांना स्थिर राहण्यास व प्रभूच्या कामात तत्पर असण्यास सांगतो, कारण त्यांचे श्रम व्यर्थ जाणारे नाहीत. आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी तो यरुशलेममधील गरजूंसाठी वर्गणी कशी गोळा करावी याच्या सूचना देतो, प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे काही रक्कम बाजूला काढून ठेवावी इतक्या तपशिलासह. अविनाशी देहाच्या चर्चेनंतर भुकेल्यांसाठी पैसे जमवण्याची ही सूचना पौलाला विषयांतर वाटत नाही. जे आज प्रेमाने केले जाते ते मृत्यूबरोबर नाहीसे होत नाही, देव त्याला आपल्या अंतिम कार्यात सामावून घेतो, हा गौरवीकरणाच्या सिद्धांताने दिलेला भरवसा आहे, आणि म्हणूनच विश्वासणाऱ्याला तो भविष्याची वाट पाहण्याबरोबर वर्तमानातील जबाबदारीही सोपवतो.